लिम्फोसाइट दिसले म्हणजे व्हायरलच असं नव्हे

पाठीतल्या पाण्याच्या (मेंदू-मणक्याभोवतीचं, पाठीत सुई घालून काढलेलं) रिपोर्टवर '१८० पेशी, ९० टक्के लिम्फोसाइट' (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) एवढं वाचायचं आणि केसपेपरवर 'व्हायरल मेनिंजायटिस', म्हणजे विषाणूमुळे मेंदूच्या आवरणाला आलेली सूज, असं लिहून मोकळं व्हायचं, ही सवय काही जात नाही. क्षयाच्या मेनिंजायटिसमध्येही हाच आकडा येतो. व्हायरल बहुधा आपोआप बरा होतो, क्षयाचा उपचाराविना जीव घेतो. गढूळ पाणी, हजारांनी न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार) असा जिवाणूंचा मेनिंजायटिस सहसा ओळखू येतो, तो इथे सोडून देऊ. आणि 'मेंदूज्वर' हा शब्दही सोडा. आवरणाची सूज, खुद्द मेंदूची सूज, विषाणू, क्षय, सगळं त्या एकाच पोत्यात कोंबलेलं असतं.

आधी दिवस मोजा. व्हायरल एक-दोन दिवसांत जोर धरतो: ताप, ठणकणारं डोकं, उलट्या, उजेड नकोसा. बहुतेकदा कारण एंटेरोव्हायरस. माणूस हैराण असतो, पण नाव-गाव-वार बरोबर सांगतो आणि आठवड्या-दहा दिवसांत उतार पडतो. क्षयात दोन-तीन आठवडे बारीक ताप, भूक मेलेली, मूल किरकिरं, मग उलट्या आणि गुंगी. एक डोळा आत वळला तर संशय आणखी वाढवा. तक्रारी पाच दिवसांपेक्षा जुन्या असतील, तर क्षय डोक्यात ठेवूनच रिपोर्ट वाचायचा. (असंबद्ध बोलणं किंवा झटके असतील, तर आजार मेंदूत शिरला आहे. हर्पिस विषाणू धरून पीसीआर तपासणीची वाट न पाहता त्यावरचं असायक्लोव्हिर सुरू करा.)

खरी गफलत होते ती ग्लुकोजमध्ये. व्हायरलमध्ये ते सहसा नॉर्मल, क्षयात खाली, हे सगळ्यांना पाठ असतं. पण खाली म्हणजे कशाच्या खाली? रिपोर्टवर छापलेल्या ४५-८० (मिग्रॅ/डेसिलिटर) या नॉर्मल मर्यादेच्या नव्हे, त्याच वेळच्या रक्तातल्या साखरेच्या. पाण्यात साधारण तिचा दोन-तृतीयांश हिस्सा असतो. निम्म्याखाली गेला की व्हायरलवर शिक्का मारू नका. मधुमेही रुग्ण घ्या: पाण्यात ग्लुकोज ६०, प्रोटीन १६०. लॅबच्या लेखी ग्लुकोज नॉर्मल. रक्तात साखर २४०. म्हणजे हिस्सा फक्त पाव, आणि हे क्षयाचं चित्र आहे. रक्ताचा आकडाच नसेल, तर ते ६० वाचण्यात काही अर्थ नाही.

म्हणून सुई टोचण्याआधी रक्त घ्यायचं, नंतर आठवलं म्हणून संध्याकाळी नव्हे. नुकतंच डेक्स्ट्रोजचं सलाईन लावलं असेल, तर रक्तातली साखर लगेच चढते, पाण्यातली मागाहून, आणि हिस्सा खोटाच कमी दिसतो. नमुना दोन-तीन तास टेबलावर पडून राहिला तरी तेच, कारण पेशी ग्लुकोज खात बसतात. ग्लुकोजची नळी फ्लोराइडची हवी, आणि पेशी तासाभरात मोजून व्हाव्यात.

प्रोटीन व्हायरलमध्ये क्वचितच १०० च्या फार वर जातं, क्षयात १०० ते ५०० सर्रास. उलट दिशेची चूकही होते: व्हायरलच्या पहिल्या दिवसा-दोन दिवसांत न्यूट्रोफिल जास्त असू शकतात आणि तो जिवाणूंचा वाटतो.

सीबीनॅट (क्षयाच्या जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) निगेटिव्ह म्हणून क्षय नाही, हे तर ऐकवतच नाही. पाण्यात जंतू मुळात विरळ, त्यात तपासणीला पाठवतात एक मिलिलिटर. प्रौढांत निदान ६ मिलिलिटर काढा आणि सेंट्रिफ्यूज करून खालचा गाळ वापरा. एवढं करूनही निगेटिव्ह आला, तरी क्षय कटाप होत नाही. एडीए (पाण्यातलं एक एन्झाइम, क्षयात वाढणारं) एकट्याच्या जिवावर निदान करू नये, जिवाणूंच्या मेनिंजायटिसमध्येही तो वाढतो.

शंका उरलीच, तर ४८ तासांनी पाणी पुन्हा काढा. व्हायरलमध्ये ग्लुकोज जागेवर राहतं, क्षयात आणखी घसरतं आणि प्रोटीन चढतं. मात्र रुग्ण गुंगीत जात असेल, तर या दुसऱ्या सुईसाठी क्षयाची औषधं अडवून ठेवायची नाहीत.