टॅपेट कव्हरमधून ऑइल गळतंय? नट आवळण्याआधी हे वाचा

जुन्या गाड्यांच्या मालकांसाठी माहितीपत्रक, फोंडा, गोवा

ॲम्बॅसेडर, मॉरिस मायनर, हेराल्ड, पद्मिनी अशा गाड्या आमच्याकडे येतात तेव्हा एक तक्रार नेहमीची असते. इंजिनाच्या डोक्यावर पत्र्याचं जे झाकण असतं, त्याच्या कडेने ऑइल पाझरतं. हेच रॉकर कव्हर. आपण सगळे त्याला टॅपेट कव्हर म्हणतो. त्याच्याखाली कॉर्कचं पॅकिंग बसतं.

‘गाडी जुनी आहे, गळणारच’ असं म्हणून पोर्चमध्ये पुठ्ठा टाकून ठेवणारे पुष्कळ आहेत. आम्हाला हे पटत नाही. ऑइल पंपाचा दाब रॉकर शाफ्टपर्यंत (व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर ज्यावर हलतात त्या दांड्यापर्यंत) असतो. तिथून बाहेर पडलेलं ऑइल नुसतं उडतं आणि पुशरॉडच्या (रॉकरला खालून ढकलणाऱ्या दांड्यांच्या) भोकांवाटे खाली उतरतं. म्हणजे पॅकिंगला फक्त शिंतोडे अडवायचे असतात, आणि तेवढं काम साधं कॉर्कही नीट करतं. ते करत नसेल तर कारण बहुतेक वेळा दुसरीकडेच असतं.

पहिलं कारण आपल्याच हातातला पाना. गळती दिसली की नट आणखी आवळायचा मोह होतो. ॲम्बॅसेडरच्या १४८९ सीसी इंजिनाचं आणि मायनरचं कव्हर वरच्या दोनच नटांवर बसतं. या इंजिनांसाठी कंपनीने सांगितलेला टॉर्क, म्हणजे नट आवळायचा जोर, अवघा ४ फूट-पौंड, म्हणजे साधारण साडेपाच न्यूटन-मीटर. लांब पान्याने जोर लावला की पत्रा नटापाशी खाली दबतो, कडा मधेच उचलली जाते, कॉर्क चिरडून बाहेर येतं. पुढच्या वेळी नवं पॅकिंग घातलं तरी वाकलेली कडा तशीच, आणि गळतीही तशीच.

दुसरं कारण ब्रीदर, आणि आपल्या गोव्यात याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. पिस्टन रिंगांच्या बाजूने थोडा गॅस खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीत, येतोच; तो बाहेर पडायला ब्रीदरची वाट असते. आपल्याकडचे फेरे छोटे, घर ते बाजार आणि परत. पावसाळ्यात तर गाडी ताडपत्रीखाली, मधूनच कधी पाच मिनिटं चालू करून बंद. इंजिन पुरतं तापत नाही, आतला ओलावा उडून जात नाही आणि ऑइलमध्ये मिसळून सायीसारखा पांढरट चिकटा धरतो. तो ऑइल भरायच्या झाकणाच्या जाळीत आणि एअर क्लीनरकडे जाणाऱ्या नळीत बसला की गॅस कोंडतो आणि ऑइलला पॅकिंगमधून बाहेर ढकलतो. अशा वेळी कितीही महाग पॅकिंग बसवा, काही दिवसांत परत ओलं. आधी जाळी आणि नळी रॉकेलने धुऊन कोरडी करावी.

(पांढरा चिकटा दिसला म्हणजे हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या हेडखालचं मुख्य पॅकिंग, गेलंच असं नाही. रेडिएटरचं पाणी कमी होत असेल आणि डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ दिसत असेल तर मात्र गाडी चालवू नका.)

ब्रीदर साफ असूनही गळत असेल तर इंजिन आयडलवर ठेवून ऑइलचं झाकण काढा. भकाभका धूर आला तर रिंगा झिजल्यात, आणि ते काम पॅकिंगपुरतं राहत नाही. ऑइल जास्त भरलेलं नाही ना, हेही डिपस्टिकवर बघा.

गळती नेमकी कुठली, हे ओळखण्यात फसगत होते. कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून निघालेलं ऑइल बेल हाऊसिंगवरून (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या आवरणावरून) खाली टपकतं आणि इंजिनाचं मागचं ऑइल सील गेल्यासारखं वाटतं. बी-सिरीज इंजिनाला, म्हणजे ॲम्बॅसेडरच्या त्याच १४८९ सीसी इंजिनाला, मॅनिफोल्डच्या खाली टॅपेटची साइड कव्हरंही असतात. त्यांचंही पॅकिंग कॉर्कचंच, तीही गळतात. आम्ही इंजिन पुसून कोरडं करतो, सांध्यावर टाल्कम पावडर मारतो, गाडी फिरवून आणतो. ओघळ जिथून सुरू होतो तिथेच रोग. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर ऑइल पडून जळका वास येत असेल तर हे काम लांबणीवर टाकू नका. वरच्या बाजूला कार्बुरेटर आहे, तिथे आगीची भीती असते.

काम कसं करतो तेही सांगतो, म्हणजे आपल्याला दुसरीकडेही विचारता येईल. इंजिन थंड असताना कव्हर काढतो. जुनं कॉर्क आणि सुकलेला सीलंट प्लास्टिकच्या पट्टीने खरवडतो, तुकडे आत पडणार नाहीत याची काळजी घेऊन. कव्हर काचेवर पालथं ठेवलं की वाक लगेच दिसतो. तो लाकडी ठोकळ्यावर हलक्या हातोडीने काढतो. पॅकिंग गोंदाने फक्त कव्हरला चिकटवतो, हेडच्या बाजूला ग्रीसचा पुसट हात. म्हणजे पुढच्या वेळी टॅपेट सेट करताना (व्हॉल्व्हची फट जुळवताना) पॅकिंग फाटत नाही. दुकानात पडून आक्रसलेलं कॉर्क कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवलं की मापावर येतं. नटांखालचे रबरी बुश मात्र प्रत्येक वेळी नवेच. ते दगडासारखे झाले की ऑइल नटातूनच वर येतं आणि बोल पॅकिंगला लागतो. गाडी एकदा तापून थंड झाली की नट हलकेच तपासतो, बस्स.

सिलिकॉन सीलंटचा जाड थर आम्ही लावत नाही, कुणी आग्रह केला तरी. आत सुटलेला तुकडा ऑइल पंपाच्या जाळीत अडकला तर इंजिनच बसेल. शोभेचं ॲल्युमिनियमचं कव्हर बसवायचं असेल तर आधी आत रॉकरला जागा पुरते का ते पाहावं लागतं.

ॲम्बॅसेडर २०१४ पर्यंत बनत होती, त्यामुळे तिचं पॅकिंग अजून मिळतं. पण काही ॲम्बॅसेडरमध्ये इसुझुचं १८०० इंजिन असतं, त्याचं पॅकिंग वेगळं. फोन करताना कुठलं इंजिन ते जरूर सांगा. बाकी गाड्यांसाठी जुनं पॅकिंग फेकू नका, फाटलेलं असलं तरी माप घ्यायला कामी येतं.

आणि एक विनंती: गाडी आणण्याआधी इंजिन धुऊ नका. चवथीच्या साफसफाईत बोनेटखाली पाइप मारलेली गाडी दिसायला सुंदर, पण ओघळच राहत नाही, मग शोधायला आम्हाला ती पुन्हा मळवावी लागते.