फर्लो आणि पॅरोल: अर्ज करण्याआधी घरच्यांनी काय पाहावं

शिक्षा झालेला कैदी काही दिवसांसाठी घरी येऊ शकतो तो दोन वाटांनी. एक संचित रजा, म्हणजे फर्लो. दुसरी अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल. महाराष्ट्रात दोन्हींची पद्धत 1959 च्या नियमांपासून चालत आली आहे. खटला सुरू असलेल्या कच्च्या कैद्याला यातलं काहीच लागू नाही, त्याने कोर्टात जामीनच मागायचा.

फर्लोला कारण द्यावं लागत नाही. ठरलेली शिक्षा भोगून झाली आणि कारागृहातली वागणूक चांगली असली की अर्ज करता येतो. वेळेवर परत हजर झालं तर ते दिवस शिक्षेतच धरतात. पॅरोलला मात्र कारण हवं: जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू किंवा गंभीर आजार, मुलाचं किंवा बहिणीचं लग्न, पत्नीचं बाळंतपण, पुरात किंवा आगीत घर जाणं. पॅरोलवर बाहेर काढलेले दिवस शिक्षा भोगल्याचे धरत नाहीत. जन्मठेपवाल्यांनी तर हे नीट समजून घ्यावं. 2023 मध्ये गोव्यातल्या कैद्यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की मुदतपूर्व सुटकेसाठी 14 वर्षांची प्रत्यक्ष कैद मोजताना पॅरोलचा काळ वगळायचा. त्यामुळे नुसतं घरच्यांना भेटायचं असेल तर आधी फर्लोच मागावी, असं माझं मत.

किती शिक्षेनंतर किती दिवस मिळतात आणि कोणत्या गुन्ह्यांना रजा नाही, हे 2016 आणि 2018 च्या दुरुस्त्यांत बदललं. जुन्या झेरॉक्सवर विसंबू नका. कारागृहाच्या कार्यालयात चालू नियम विचारा.

अर्ज कैद्याने कारागृह अधीक्षकांमार्फत करायचा. फर्लोचा निर्णय कारागृह उपमहानिरीक्षक घेतात, नियमित पॅरोलचा विभागीय आयुक्त. पण त्याआधी कागद जातो तुमच्या पोलीस ठाण्याकडे, आणि बहुतेक अर्ज अडकतात ते तिथेच. पोलीस जामीनदाराचा जबाब घेतात, शेजारी विचारपूस करतात, फिर्यादीला धोका आहे का ते पाहतात. जामीनदार हा कैद्याला घरात ठेवून घ्यायला तयार असलेला नातेवाईक हवा. ‘सही करतो, पण माझ्याकडे राहणार नाही’ असं त्याने जबाबात म्हटलं की अहवाल प्रतिकूल गेलाच म्हणून समजा. म्हणून त्याला आधीच सगळं सांगून ठेवा: किती दिवस, कुठल्या पत्त्यावर, पोलीस ठाण्यात हजेरी कधी. त्याचं आधार कार्ड, रेशन कार्ड आणि नात्याचा पुरावा तयार असू द्या. या तिन्हींवरचा पत्ता अर्जातल्या पत्त्याशी जुळतो का, तेही तपासा. आजारपणासाठी शक्यतो सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र जोडा, लग्नासाठी पत्रिका, मृत्यूसाठी दाखला.

अर्ज फेटाळला तर आदेशाची प्रत मागून घ्या; नकाराचं कारण त्यातच असतं. फर्लोच्या नकारावर वरिष्ठ कारागृह अधिकाऱ्यांकडे अपील होतं. तिथेही नाही म्हटलं तर उच्च न्यायालयात फौजदारी रिट, म्हणजे त्या आदेशाविरुद्धची याचिका. कोठडीतल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो, मिळकत कितीही असो. मात्र फर्लो हा निरपेक्ष हक्क नाही, असं सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात, याच 1959 च्या नियमांवर बोलताना, स्पष्ट केलं आहे. त्यामुळे ‘हक्क आहे’ एवढ्यावर रिट टिकत नाही. पोलीस अहवालातला आक्षेप पोकळ कसा, ते दाखवावं लागतं. ‘शांतता भंगेल’ एवढंच लिहून सोडलेला अहवाल असेल तर वकिलाला तो आधी दाखवा.

उशिरा हजर झालं तर पुढची रजा अडते, नवा गुन्हाही दाखल होऊ शकतो. घरी आजारपण निघालं तरी मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्याआधी द्या, आणि लेखी मंजुरी हातात नसेल तर ठरल्या दिवशी गेटवर हजर राहा.