लिनक्सवर पायथॉनमधून डीएलएल: नेटिव्ह वेगळी, डॉट नेटची वेगळी

विंडोजची डीएलएल (दुसऱ्या प्रोग्रॅमनी वापरायचा तयार कोड असलेली फाइल) लिनक्सवर पायथॉनमधून वापरता येते का, असं कुणी विचारलं की एक जण ठामपणे नाही म्हणतो, दुसरा म्हणतो माझ्याकडे तर मस्त चालतेय, आणि दोघंही खरंच बोलत असतात, फक्त कुठली डीएलएल हे कुणीच विचारत नाही.

सीटाइप्स म्हणजे पायथॉनमधून अशा फाइलींतली फंक्शन वापरायची सोय, लिनक्सवर ते एसओ फाइल, म्हणजे लिनक्सची डीएलएलसारखी फाइल, लोड करतं. त्याला डीएलएल दिली की 'इनव्हॅलिड ईएलएफ हेडर' अशी एरर येते (ईएलएफ हा लिनक्सचा फाइल फॉरमॅट), मग लोक पाथ बदलतात, परमिशन देतात, काही जण तर फाइलचं एक्स्टेन्शनच बदलून एसओ करतात. कृपा करून हे करू नका, नाव बदलून आतला फॉरमॅट बदलत नाही.

खरी मेख इथे आहे. सी किंवा सी प्लस प्लसमधून बनलेल्या नेटिव्ह डीएलएलमध्ये थेट प्रोसेसरचा कोड असतो आणि तो विंडोजच्या एपीआयवर, म्हणजे विंडोजने पुरवलेल्या फंक्शनवर, उभा असतो. सी शार्पच्या डीएलएलमध्ये सहसा आयएल, म्हणजे कुठल्याच एका प्रोसेसरचा नसलेला मधला कोड असतो, जो डॉट नेट या मायक्रोसॉफ्टच्या प्लॅटफॉर्मचा रनटाइम (असा कोड चालवणारा प्रोग्रॅम) चालवताना मशीन कोडमध्ये बदलतो, आणि तो रनटाइम लिनक्सवर रीतसर मिळतो. एक्स्टेन्शन तेच, बाहेरचं पीई कवचही (विंडोजच्या प्रोग्रॅम फाइलींचा फॉरमॅट) तेच, म्हणून सगळा घोळ. टर्मिनलमध्ये त्या डीएलएलवर 'file' ही कमांड चालवा, आउटपुटमध्ये 'मोनो/डॉट नेट असेंब्ली' दिसलं तर ती डॉट नेटची. शेजारी 'इंटेल ८०३८६' दिसलं म्हणून ३२ बिट समजून घाबरू नका, एनी सीपीयूवाल्या (३२ आणि ६४ बिट दोन्हीवर चालणाऱ्या) डीएलएललाही तसंच दिसतं.

डॉट नेटची असेल तर पायथॉननेट घ्या, ही पायथॉनमधून डॉट नेटचा कोड वापरायची लायब्ररी. लिनक्सवर ती आपणहून मोनो, म्हणजे डॉट नेटचा जुना पर्यायी रनटाइम, शोधते, म्हणून 'clr' हे तिचं मॉड्यूल इंपोर्ट करायच्या आधी कोअर सीएलआर, म्हणजे आजच्या डॉट नेटचा रनटाइम, लोड करायला सांगा, नवीन कामाला मी तरी मोनो घेणार नाही. फक्त त्या डीएलएलने आतून कर्नल ३२ वगैरे विंडोजच्या नेटिव्ह डीएलएलला हाक मारलेली असेल तर ती लोड नीट होते आणि नेमका तो फंक्शन कॉल आला की 'डीएलएल नॉट फाउंड' देऊन पडते, त्यामुळे नुसती लोड झाली म्हणून खूश होऊ नका, कामाचे सगळे फंक्शन चालवून बघा.

नेटिव्ह असेल तर वाईन, म्हणजे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर. पण लिनक्सचं पायथॉन नाही, वाईनच्या आत विंडोजचं पायथॉन टाकायचं, डीएलएल ३२ बिट असेल तर तेही ३२ बिटच, आणि बाहेरच्या लिनक्सवरच्या स्क्रिप्टशी सॉकेटने (दोन प्रोग्रॅमना एकमेकांशी जोडणाऱ्या दुव्याने) बोलायचं.