चार पौंडांची मर्यादा आणि बिली मेरेडिथ

फुटबॉलपटूला आठवड्याला चार पौंडांहून जास्त पगार द्यायचा नाही, असा नियम इंग्लंडमध्ये १९०१ साली लागू झाला. क्लबांनी तो कागदोपत्री पाळला. टेबलाखालून पैसे जातच राहिले. हा व्यवहार चव्हाट्यावर आला तो वेल्सच्या बिली मेरेडिथमुळे.

मेरेडिथचा जन्म १८७४ चा, चर्क या खाणगावातला. बाराव्या वर्षी तो कोळशाच्या खाणीत कामाला लागला. १८९४ मध्ये मँचेस्टर सिटीने त्याला घेतलं, तरी सुरुवातीला त्याने खाणीतली नोकरी सोडली नव्हती. फुटबॉलचा काय भरवसा! उजव्या बगलेवरून धावताना तोंडात टूथपिक, ही त्याची ओळख. आधी तो तंबाखू चघळायचा, पण पिचकाऱ्यांचे शर्ट धुवायला धुणं धुणाऱ्या बायकांनी साफ नकार दिला, तेव्हा टूथपिक आली असं सांगतात. व्यंगचित्रकारांची मात्र चंगळ झाली.

एफए, म्हणजे फुटबॉल असोसिएशन, ही इंग्लिश फुटबॉलची नियामक संस्था. तिच्या १९०४ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात बोल्टनविरुद्धचा एकमेव गोल त्याचाच आणि कर्णधारही तोच. वर्षभरात चित्र पालटलं. हंगामाच्या शेवटच्या सामन्यात त्याने अॅस्टन व्हिलाचा कर्णधार अॅलेक लीक याला हरण्यासाठी दहा पौंड देऊ केले, असा ठपका ठेवून एफएने त्याला निलंबित केलं. आधी त्याने सगळं नाकारलं. पण सिटीने हात झटकले, पैसेही थांबवले, तेव्हा तो बोलता झाला: लाच देऊ करायला मॅनेजरनेच सांगितलं होतं आणि मर्यादेपेक्षा जास्त पैसे तर सगळेच घेत होते. मेरेडिथ काही साधुसंत नव्हता. एकट्याने बुडायची त्याची तयारी नव्हती, इतकंच. १९०६ मध्ये सिटीच्या १७ खेळाडूंना दंड झाला आणि पुन्हा त्या क्लबकडून खेळायला बंदी. मग खेळाडूंचा चक्क लिलाव पुकारला गेला. मात्र मँचेस्टर युनायटेडने मेरेडिथला आधीच गाठलं होतं. १९०८ मध्ये युनायटेडने लीग जिंकली, १९०९ मध्ये एफए कप.

२ डिसेंबर १९०७ रोजी मँचेस्टरच्या इम्पीरियल हॉटेलात खेळाडूंची संघटना स्थापन झाली, त्या बैठकीचा अध्यक्ष मेरेडिथ होता. १९०९ मध्ये एफएने फर्मान काढलं: संघटना सोडा, नाहीतर निलंबन. बहुतेकांनी माघार घेतली. युनायटेडचे खेळाडू हटले नाहीत. उलट त्यांचा कर्णधार चार्ली रॉबर्ट्सने ‘आउटकास्ट्स एफसी’ (बहिष्कृतांचा क्लब) अशी पाटी ठेवून सर्वांचा फोटो काढून घेतला. हंगाम तोंडावर आल्यावर एफए नमली आणि संघटनेला मान्यता मिळाली. पगाराची मर्यादा मात्र राहिली. १९१० मध्ये ती पाच पौंडांवर गेली, एवढंच.

मेरेडिथ खेळतच राहिला. १९२० मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, इंग्लंडला हरवणाऱ्या वेल्सच्या संघात तो होता. तो त्याचा ४८ वा आणि शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना. १९२१ मध्ये तो सिटीत परतला आणि १९२४ मध्ये न्यूकॅसलविरुद्ध एफए कपची उपांत्य फेरी खेळला तेव्हा ४९ वर्षांचा होता. १९५८ मध्ये तो वारला. पगाराची कमाल मर्यादा रद्द झाली १९६१ मध्ये, तीही त्याच संघटनेने संपाची नोटीस दिल्यावर.