बर्कलची टेकडी आणि कुशच्या राजांच्या राजधान्या

इजिप्तच्या राजधान्या म्हटल्या की मेम्फिस आणि थीब्ज ही दोन नावं आधी आठवतात. बाकीची शहरं आली आणि गेली. अखेनातेनने अमारनाच्या उजाड माळावर नवी राजधानी वसवली, ती त्याच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत ओस पडली. रामेसेस दुसऱ्याने त्रिभुज प्रदेशात पी-रामेसेस उभारलं. पुढे तिथला नाईलचा फाटा सरकला आणि तिथले पुतळे, घडीव दगड उचलून टॅनिसला नेले गेले.

या यादीत नापाटा फारसं कुणी धरत नाही. माझ्या मते ते धरायलाच हवं, कारण इ.स.पू. आठव्या शतकात इजिप्तवर ज्याची सत्ता चालत होती, तो राजा राहायला नापाटात होता.

नापाटा आजच्या उत्तर सुदानात, करिमा गावाजवळ. तिथे सपाट वाळवंटातून जेबेल बर्कल ही वालुकाश्माची टेकडी एकदम वर येते. उंची शंभर मीटरच्या आसपास. कड्यापासून सुटा झालेला एक सुळका तिच्या टोकाला उभा आहे, आणि बाजूने पाहिलं तर तो फणा काढलेल्या नागासारखा दिसतो. फॅरोच्या, म्हणजे इजिप्तच्या राजाच्या, मुकुटावर कपाळाशी असतो, तोच नाग.

या भागात, म्हणजे कुशमध्ये, राज्य उभं राहिलं ते इजिप्तच्या कृपेने नव्हे. उत्तरेला, नाईलच्या तिसऱ्या प्रपाताजवळ (प्रपात म्हणजे नदीतला खडकाळ, खळाळता टप्पा) केर्मा हे शहर हजारेक वर्षं नांदत होतं. कच्च्या विटांचं तिथलं प्रचंड देऊळ आजही उभं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे खोदणाऱ्या जॉर्ज राइसनरने ते इजिप्तचं ठाणं मानलं. आफ्रिकी राजांनी हे बांधलं असेल, हे त्याच्या मनाला पटेना. पुढे शार्ल बोने यांनी अनेक दशकं उत्खनन करून ती स्थानिक राज्याची राजधानी असल्याचं दाखवून दिलं.

इ.स.पू. १५००च्या सुमारास इजिप्तच्या थुटमोस पहिल्याने केर्मा जिंकलं. मग थुटमोस तिसऱ्याने बर्कलला शिलालेख उभारला आणि अमुन देव याच टेकडीत राहतो, असं ठसवलं गेलं. त्यात राजकारण उघड होतं : अमुन इथलाही असेल, तर अमुनच्या पुत्राचा, म्हणजे फॅरोचा, या भूमीवर हक्क आपोआप ठरतो. पण इ.स.पू. १०७०च्या सुमारास इजिप्तची पकड सुटली आणि देव मागे राहिला. कुशच्या राजांनी तोच युक्तिवाद उलटा फिरवला. अमुन आमच्या डोंगरात आहे, तेव्हा इजिप्तचा मुकुटही तो आम्हालाच देणार.

हे राजा पियेने प्रत्यक्षात आणलं. बर्कलला १८६२मध्ये सापडलेल्या त्याच्या शिलालेखात ही मोहीम बारकाईने सांगितली आहे. थीब्जला पोहोचल्यावर आधी नदीत स्नान करा, स्वच्छ कपडे घाला, मग अमुनपुढे जा, अशी सैनिकांना आज्ञा होती. हर्मोपोलिस शरण आल्यावर पिये तिथल्या निम्लोत राजाच्या तबेल्यात गेला. वेढ्यात घोडे उपाशी राहिलेले पाहून तो संतापला. निम्लोतच्या बाकीच्या सगळ्या अपराधांपेक्षा त्याला हे जास्त लागलं. मेम्फिसची तटबंदी भक्कम होती, पण नदीचं पाणी पार तटापर्यंत चढलेलं. पियेने बंदरातल्या नावा ताब्यात घेऊन त्याच बाजूने शहरात माणसं घुसवली. शेवटी इजिप्तमधले चार स्थानिक राजे शरण आले, तर मासे खाणारे तिघे अशुद्ध मानून महालाबाहेरच थांबवले गेले आणि एकट्या निम्लोतला आत घेतलं.

एवढं जिंकून पिये नापाटाला परतला. अल्-कुर्रूला त्याच्या पिरॅमिडजवळ त्याचे घोडेही पुरलेले आहेत.

त्याच्यामागच्या राजांना मात्र दुरून कारभार करणं जमेना. शबाकाने मेम्फिसला मुक्काम हलवला. तहारकाचा राज्याभिषेकही मेम्फिसलाच झाला आणि त्याची आई आबार दक्षिणेतून एवढा प्रवास करून मुलाला सिंहासनावर पाहायला आली. तरी तहारकाचा पिरॅमिड आहे नुरीला, नापाटाजवळच, आणि कुशच्या पिरॅमिडांत तो सर्वांत मोठा. कारभार मेम्फिसला, अमुनची मोठी पूजा थीब्जला, मुकुटाचा मान आणि दफन नापाटाला, अशी ही विभागणी होती. ती मोडली असिरियाने. इ.स.पू. ६७१मध्ये मेम्फिस पडलं, ६६३मध्ये थीब्ज लुटलं गेलं.

इजिप्त गेलं, कुश उरलं. पण इ.स.पू. ५९३च्या सुमारास इजिप्तचा प्सामतिक दुसरा दक्षिणेवर चालून आला. केर्माजवळच्या दुक्की गेलला २००३मध्ये बोने यांच्या चमूला एका खड्ड्यात सात राजपुतळे तुकडे केलेल्या अवस्थेत मिळाले. त्यांत तहारका आहे, अस्पेल्ताही आहे. ही मोडतोड बहुधा त्याच स्वारीतली. तुकडे कुणीतरी गोळा करून नीट पुरले होते.

पुढे सत्तेचं केंद्र आणखी दक्षिणेला मेरोएला सरकलं आणि इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून राजांचे पिरॅमिडही तिथेच होऊ लागले. बर्कल मात्र कुणी टाकून दिलं नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात मेरोएच्या नटकमानीने अमुनचं जुनं देऊळ दुरुस्त केलं आणि टेकडीच्या पायथ्याशी स्वतःसाठी महाल बांधला.