विद्युत् गिटारचे घरगुती ध्वनिमुद्रण (कोल्हापूर)

विद्युत् गिटारच्या पोलादी तारांचे कंपन पिकअपमधून (तारांखालच्या चुंबक व वेटोळ्यातून) विद्युत् संकेताच्या रूपात संगणकात घेऊन घरच्या घरी केलेले ध्वनिमुद्रण. ॲम्प्लिफायरच्या स्पीकरसमोर मायक्रोफोन ठेवण्याची पद्धत याहून जुनी आहे, पण भिंतीला भिंत लागलेल्या घरांत ती चालत नाही. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत किंवा शिवाजी पेठेत पंधरा वॅटचा वाल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्यांचा) ॲम्प्लिफायर पुरता खुलवला, तर तो एक मीटरवर शंभर डेसिबलच्या पुढे जातो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागातील मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. म्हणून येथे मुख्यतः थेट जोडणीच्या पद्धतीचा विचार केला आहे.

उगम : या पद्धतीचा आरंभ कोणापासून धरावा याविषयी एकमत नाही, आणि वाद विद्युत् गिटारच्या जन्मापासूनच सुरू होतो. शिकागोच्या स्ट्रॉम्बर्ग-व्हॉइसिनेट कंपनीने १९२८ च्या सुमारास विजेवर चालणारी वाद्ये जाहीर केली होती. मात्र त्यांत तारेऐवजी वाद्याच्या लाकडी पृष्ठाचे कंपन टिपले जात असावे. चुंबक व तांब्याच्या तारेचे वेटोळे वापरून तारेचेच कंपन टिपणारे, बाजारात टिकलेले पहिले वाद्य म्हणून जॉर्ज बोशॅम्प व अडॉल्फ रिकनबॅकर यांच्या ‘फ्राइंग पॅन’चा (१९३१–३२) निर्देश करणे अधिक सयुक्तिक वाटते. त्याचे एकस्व (पेटंट) १९३७ मध्ये मिळाले. ही गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवायची, म्हणजे आपल्याकडे जिला ‘हवाइयन’ म्हणतात त्या जातीची होती.

घरगुती मुद्रणाचे श्रेय बहुधा लेस पॉल यांना दिले जाते. त्यांच्या आधी १९४१ मध्ये सिडनी बेशे यांनी एकट्याने अनेक वाद्ये वाजवून ती एकावर एक चढवली होती. पण ते काम कंपनीच्या स्टुडिओत झाले, त्यामुळे ‘घरगुती’ या अटीत बसत नाही. लेस पॉल यांनी हॉलिवुडमधील आपल्या गॅरेजमध्ये गिटारचे अनेक थर चढवून केलेली ध्वनिमुद्रिका १९४८ मध्ये कॅपिटल कंपनीने काढली. तेव्हा त्यांच्याकडे टेप नव्हती, तबकडी कोरणारे यंत्र होते. त्याचे चक्र कॅडिलॅक मोटारीच्या फ्लायव्हीलपासून केले होते असे सांगतात. कोल्हापूरच्या उद्यमनगर या औद्योगिक वसाहतीत लेथवर हयात घालवलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

गिटार सरळ मुद्रणयंत्राला जोडण्याची रीत लेस पॉलही वापरत. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत ती १९६० च्या दशकात नित्याची झाली. बीटल्स संघाने १९६८ मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत गिटार थेट मिक्सिंग डेस्कला जोडून पातळी मुद्दाम मर्यादेबाहेर नेली, आणि चर्चा सहसा याच प्रसंगाची होते. आजच्या पद्धतीशी खरे नाते मात्र मोटाउनचे आहे. तेथे गिटार आणि यंत्र यांच्यामध्ये जोडणीचा स्वतंत्र बॉक्स असे. आजच्या इंटरफेसवर (गिटारचा संकेत संगणकात नेणाऱ्या पेटीवर) गिटारचे चित्र काढलेले जे बटण असते, त्याचा पूर्वज हाच बॉक्स.

पुढचा इतिहास ठाऊक असलेलाच आहे : १९७९ मध्ये चार पट्ट्यांचे (ट्रॅकचे) कॅसेट-यंत्र, १९९१ मध्ये संगणकावरील मुद्रणाची प्रो टूल्स ही प्रणाली, १९९६ मध्ये संगणकाच्याच प्रोसेसरवर ध्वनिपरिणाम घडवणारी क्यूबेस या मुद्रण-सॉफ्टवेअरची व्हीएसटी आवृत्ती, १९९८ मध्ये लाइन सिक्सचा घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचा, ॲम्प्लिफायरच्या आवाजाचे अनुकरण करणारा पॉड.

संरोध (इम्पीडन्स, म्हणजे बदलत्या विद्युत् संकेताला होणारा अडथळा) : नवशिक्याचा पैसा सॉफ्टवेअरवर जातो आणि आवाज पहिल्याच जोडणीत मरतो. पिकअप म्हणजे केसाइतक्या बारीक तारेचे पाच ते आठ हजार वेढे. मोटार रिवायंडिंगच्या दुकानात दिसणारे वेटोळेच हे, फक्त तार कितीतरी बारीक. एका वेटोळ्याच्या पिकअपचा रोध सुमारे ६,००० ओहम असतो. मल्टिमीटरवर एवढेच दिसते आणि घोटाळा येथेच होतो, कारण त्याचे प्रवर्तकत्व (इंडक्टन्स, म्हणजे वारंवारता वाढेल तसा अडथळा वाढवणारा गुण) ३ हेन्रीच्या आसपास असते आणि मीटर ते दाखवत नाही. तीन हजार हर्ट्झला या वेटोळ्याचा अडथळा ५६,००० ओहमच्या पुढे जातो. असे पिकअप १०,००० ओहमच्या लाइन-इनपुटला जोडले, तर साधारण ८५० हर्ट्झपासून वरचे सर्व उतरत जाते. गिटारच्या मूळ स्वरांचा पल्ला ८२ पासून सुमारे १,३०० हर्ट्झपर्यंत आहे, त्यामुळे स्वर ऐकू येतात; पण तारेवरची नखी, धार, चकाकी सगळी जाते. आवाज घोंगडीखालून आल्यासारखा होतो. संगणकाच्या माइकच्या भोकाला जोडल्यास गत याहून वाईट होते. म्हणून इंटरफेसच्या गिटार-इनपुटचा संरोध १० लाख ओहमच्या घरात ठेवतात.

केबलचाही वाटा असतो. मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड धरल्यास सहा मीटर केबलची धारिता (कपॅसिटन्स) ६०० पिकोफॅरड होते आणि वरील पिकअपचे अनुस्पंदन (संकेत सर्वांत जोरात उमटतो ती वारंवारता) ३,७५० हर्ट्झच्या जवळ येते. केबल दुप्पट केली की ते २,६५० वर उतरते. लांब केबलने आवाज ‘गोड’ होतो असे वादक म्हणतात, त्याचे कारण हे.

घरघर : आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची. परदेशी पुस्तके व तयार गाळण्या (फिल्टर) पुष्कळदा ६० हर्ट्झ गृहीत धरतात. त्या जशाच्या तशा लावल्या तर घरघर राहते आणि स्वर कापला जातो. घरघरीत ५० च्या पटीतील १००, १५० असे स्वरही असतात. सहाव्या तारेच्या तिसऱ्या पट्टीवरचा स्वर ९८ हर्ट्झचा आहे. तो लांबवला की १०० हर्ट्झच्या घरघरीशी त्याची टक्कर होऊन सेकंदाला दोनदा घुमारा येतो. तारेत खोट आहे असे समजून एका मुलाने तीन वेळा तारा बदललेल्या प्रस्तुत लेखकाने पाहिल्या आहेत. पंख्याचा रेग्युलेटर बंद केल्यावर घुमारा बसला. एका वेटोळ्याच्या पिकअपला हा त्रास जास्त. सेथ लव्हर यांनी गिब्सन कंपनीत १९५५ मध्ये उलट दिशेची दोन वेटोळी जोडून केलेला ‘हंबकर’ त्यावरचाच उपाय आहे. नाहीतर गिटार धरून खुर्चीतच हळूहळू फिरावे. एका दिशेला घरघर अगदी कमी होते. तेथे बसून वाजवावे. जुन्या घरांत अर्थिंग नीट नसते आणि लॅपटॉपचा चार्जर दोन पिनांचा असेल, तर तारांना हात लावेपर्यंत करकर चालू राहते. चार्जर काढून बॅटरीवर घेणे हा पहिला इलाज. दुसरा वायरमनला बोलावणे. लाइट गेलेली असताना बॅटरीवर घेतलेला ट्रॅक सर्वांत स्वच्छ निघतो, हे येथील वादकांना वेगळे सांगावे लागत नाही.

विलंब : संगणक आवाज तुकड्यातुकड्यांनी घेतो. सेकंदाला ४४,१०० नमुने आणि १२८ नमुन्यांचा तुकडा असेल, तर एका बाजूला २.९ मिलिसेकंद लागतात. जाऊन-येऊन व रूपांतर धरून दहाच्या आसपास. हवेत ध्वनीला एक मीटरला साधारण ३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हा विलंब स्पीकरपासून तीन मीटर दूर बसण्याइतकाच. तक्रार त्यापलीकडे सुरू होते. विंडोजवर १९९७ चा एएसआयओ ड्रायव्हर (विलंब कमी ठेवून इंटरफेस व संगणक जोडणारे सॉफ्टवेअर) यासाठीच वापरतात.

ॲम्प्लिफायरचे अनुकरण : थेट घेतलेली गिटार कोरडी व काहीशी केविलवाणी वाटते, कारण गिटारचा बारा इंची स्पीकर सुमारे ५,००० हर्ट्झच्या वरचे गाळून टाकतो आणि थेट संकेतात ते शिल्लक राहते. विकृती (डिस्टॉर्शन) घातलेली गिटार स्पीकरच्या अनुकरणाशिवाय ऐकली तर डबीत कोंडलेल्या गांधीलमाशीसारखी लागते. वाल्व्हची विकृती म्हणजे मूळ स्वरात नवे उपस्वर (त्याच्या पटीतले वरचे स्वर) भरणे. सुमारे ५० किमी.वरील मिरजेत (तेथील सतार व तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले) कारागीर घोडीचा (तारा जिच्यावर टेकतात तिचा) पृष्ठभाग घासून जवारी (तारेचा झणकार) काढतो, तेव्हा तोही उपस्वरच खुलवत असतो. यंत्रणा अर्थात पूर्ण वेगळी. पण या भागातील कानाला चांगली आणि वाईट विकृती यांतला फरक समजावून सांगताना ही उपमा कामाला येते. कोरडा संकेत वेगळा जपून ठेवल्यास अनुकरण नंतर हवे तितक्या वेळा बदलता येते.

स्थानिक संदर्भ : ध्वनिमुद्रण कोल्हापूरला नवे नाही. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये येथेच स्थापन झाली व पहिला मानला जाणारा मराठी बोलपट तिने १९३२ मध्ये येथेच तयार केला. पुढच्या वर्षी ती पुण्यास गेली. ते सारे स्टुडिओतले काम होते. घरातल्या खोलीत मायक्रोफोन लावायचाच झाल्यास भिंतीवर वाकळ टांगतात. तिने वरचे स्वर शोषले जातात. खालचे नाहीत : १०० हर्ट्झची ध्वनिलहर ३.४ मीटर लांब असते आणि ती भिंतीलगत नीट अडवायला पाऊण मीटरहून जास्त जाडीचा थर लागतो. अंड्यांचे ट्रे चिकटवण्याचा तर काहीच उपयोग नाही. ते शेजाऱ्याकडे जाणारा आवाज अडवत नाहीत, आणि पावसाळ्यात त्यांना बुरशी येते.