सपाट सोलापुरात बहिरी ससाणा

गेल्या डिसेंबरात एका सकाळी भुईकोट किल्ल्याच्या तटावरची कबुतरं एकदम उठली. रोजच्यासारखी विखरून नाही, एकमेकांना चिकटून, घट्ट गोळा करून फिरू लागली. वर पाहिलं तर मोबाइल टॉवरवर बहिरी ससाणा. गालावर काळ्या मिशा, छातीवर बारीक आडव्या रेघा, पिवळ्या पंजाखाली कबुतर. तो पिसं उपटत होता आणि ती तरंगत चहाच्या टपरीच्या पत्र्यावर उतरत होती.

"घारच की ओ ती," टपरीवाले मामा म्हणाले. घार इथं बारा महिने दिसते, त्यामुळे त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही.

बहिरी ससाणा कड्यांवरचा पक्षी. काटक्यांचं घरटं तो बांधत नाही. कपारीतल्या मातीत अंडी घालतो. त्याचा भाऊबंद शाहीन सह्याद्रीच्या कड्यांवर वीण करतो, तर थंडीत येणारे बहिरी पार सैबेरियाकडून येतात. सोलापूर मात्र सपाट माळ. उंची इथं माणसानेच उभी केली. आधी किल्ल्याचे बुरूज, मग १८७७ मध्ये जुनी मिल आणि पुढे एकेक गिरणी, प्रत्येकीची चिमणी आभाळात. गिरण्या बंद पडल्या, टॉवर आले. दूरवर नजर टाकायला उंच बैठक आणि खाली भरपूर कबुतरं, एवढं त्याला पुरतं. शिवाय हिप्परग्याच्या तलावावर हिवाळ्यात बदकं असतातच.

पण हा पक्षी उरला कसा, ते जास्त महत्त्वाचं. दुसऱ्या महायुद्धानंतर शेतांवर डीडीटी हे कीटकनाशक फवारलं जाऊ लागलं. ते किड्यांतून लहान पक्ष्यांत आणि तिथून ससाण्याच्या अंगात साठत गेलं. अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली की उबवायला बसलेल्या मादीच्याच वजनाने ती फुटत. डेरेक रॅटक्लिफ या ब्रिटिश अभ्यासकाने संग्रहांतली जुनी अंडी नव्यांशी ताडून १९६७ मध्ये हे दाखवून दिलं. तोवर अमेरिकेच्या पूर्व भागातून बहिरी ससाण्याची वीण संपली होती. अमेरिकेने १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी घातली. आपल्याकडे शेतीतला वापर १९८९ मध्ये थांबवला गेला. पुढे न्यूयॉर्क, लंडनच्या उंच इमारतींवरही त्याची पिल्लं वाढू लागली.

मामांच्या पत्र्यावर फेब्रुवारीअखेरपर्यंत पिसं सापडत राहिली. मार्चमध्ये ती थांबली.